आकडा वाचू, जीव जपू

गिटार हे तारांचे वाद्य. त्याचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला अँप्लिफायर म्हणतात. अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५० नंतर केलेली अशी यंत्रे आजही वाजतात. पण जुने ते बिघडणारच. मग सुटे भाग कसे शोधायचे?

आधी वाचायचे. यंत्रात काचेचे, दिव्यासारखे व्हॉल्व्ह असतात. कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह, याचा छापील कागद फेंडरच्या पेटीत आतून चिकटवलेला असे. कागद फाटला असला, तर काचेवरचा आकडा पाहू आणि लिहून घेऊ. एकाच व्हॉल्व्हला दोन नावेही असतात. अमेरिकेत जो १२एएक्स७, तोच युरोपात ईसीसी८३. हे ठाऊक नसले, तर माल समोर असूनही आपण हात हलवत परत येऊ.

व्होल्टही वाचू. अमेरिकेची वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडचे यंत्र इथे सरळ जोडले, की जळालेच! मध्ये वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा.

आणि जिवाला जपू. बटण बंद केले, वायर काढली, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. हात लागला, तर प्राणाशी गाठ! म्हणून आतले काम जाणत्या कारागिराचे. आकड्यांची चिठ्ठी मात्र आपण आपल्या हाताने लिहून नेऊ.