आईचं लुगडं
(स्नेहमेळाव्यातील दिवंगतांच्या स्मरणसत्रात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आमचे सर, बाई, आणि समोर बसलेल्या सगळ्या मुला-मुलींनो! हसू नका. या आवारात साठीची माणसंसुद्धा मुलंच असतात.

मला सांगण्यात आलं की, आपल्यातून गेलेल्या शिक्षकांबद्दल आणि वर्गमित्रांबद्दल पाच मिनिटं बोल. यादी हातात दिली. ती वाचली आणि बोलायचं काही सुचेना. नावं हजेरीपटासारखी एकाखाली एक. मग सकाळी रोह्याहून गाडीने निघाले, नागोठणं गेलं, कासू गेलं, आणि पेणला उतरून बाजारातून चालत येताना एका कारखान्याच्या दारात ओल्या शाडूचा वास आला. बाहेरगावच्यांना सांगावं लागतं, पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा. तो वास आला आणि आई आठवली. आठवली म्हणजे काय, शेजारून चालायलाच लागली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझी आई माहीत आहे. हंगामात ती कारखान्यात मूर्तीवर पाण्याचा हात फिरवायच्या कामाला जायची आणि एरवी पोह्याचे पापड लाटायची. तिच्या लुगड्याला म्हणून वर्षभर दोन वास असायचे. पावसाळ्यात शाडूचा, उन्हाळ्यात हिंग-पापडखाराचा. ती गेल्यावर वहिनीने लुगडी गोधडीसाठी काढली, त्यातलं एक मी मागून घेतलं आणि रोह्याला नेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवलं. वास जाऊ नये म्हणून. दोन वर्षांनी उघडलं तर प्लॅस्टिकचा वास आला. त्या दिवशी मी आई गेली त्या दिवसापेक्षा जास्त रडले.

हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचा धीर आला तो आपल्याच तालुक्यातल्या एका मुलामुळे. गागोद्याच्या विन्याची गोष्ट आपण शाळेत भूदानापुरती शिकलो. विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, गागोद्याचा. भाद्रपदात त्यांचे आजोबा चंदन उगाळून गणपती करायचे आणि उगाळायला मुलांना बसवायचे. म्हणजे पेण तालुक्यातल्या त्या पोराच्या हातालाही गणपतीचा वास होताच, आपल्यापेक्षा जरा भारीतला.

त्यांची आई रुक्मिणीबाई. तिला संस्कृत गीता कळेना, मुलाने मराठी पद्यातलं भाषांतर आणून दिलं, तेही अवघड गेलं. तेव्हा ती म्हणाली, मग तूच का नाही सोपी करून देत? 1918 च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत ती गेली. विनोबांनी आईच्या दोन वस्तू ठेवून घेतल्या, एक अन्नपूर्णेची मूर्ती आणि एक लुगडं. लुगडं ते उशी म्हणून डोक्याखाली घ्यायचे, कित्येक वर्षं. पुढे खादीचं व्रत घेतलं, आणि ते लुगडं खादीचं नव्हतं. मग त्यांनी ते साबरमती नदीत सोडलं. त्यांनी ते वापरलं आणि सोडलं. मी बांधून ठेवलं.

आईचं ते मागणं मात्र त्यांनी सोडलं नाही. 1930-31 मध्ये वर्ध्याला त्यांनी गीता सोप्या मराठी पद्यात उतरवली. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. पुस्तक 1932 मध्ये छापून आलं. त्याच्या नावातच आई आहे, गीताई. तरुणपणी स्वतःच्या कविता लिहून चुलीत टाकणारा हा माणूस. ही एवढी मात्र त्याने जपली. वाचणारीच उरली नव्हती, तरी तिला समजेल असंच लिहिलं. मला यात ज्ञानापेक्षा हट्ट जास्त दिसतो, आणि तो फार आवडतो.

उलटंही होतं. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी घरातल्या पोरांनी उतरवून घेतली होती. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे तिथे लेकाने आईसाठी कविता केली नाही, आईचीच वाचवली. ते जास्त शहाणपणाचं.

माझी आई पापड लाटताना ओव्या म्हणायची. काही जुन्या, काही तिच्या. मी मराठीची पदवी घेतलेली मुलगी, तिच्यासमोर बसून लाट्या करत होते आणि एकही ओवी लिहून घेतली नाही. आता चाल आठवते, लाटण्याच्या तालासकट. शब्द गेले. एका ओवीत वडखळचा नाका होता आणि मामाची वाट बघणं होतं, एवढंच हाती आहे.

मग मीच लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात माया, त्याग, वात्सल्य सगळं आलं. वाचल्यावर आपल्या मराठीच्या सरांचा आवाज ऐकू आला. आठवीत ‘माझी आई’ निबंधावर त्यांनी मला विचारलं होतं, “ही कुणाचीही आई आहे. तुझी कुठाय?” सर आज त्या यादीत आहेत. त्यांच्या तपकिरीचा वास आणि वही परत देताना तिच्यावर मारलेली टिचकी मला अजून लख्ख आठवते. मी त्याग खोडला. वात्सल्य खोडलं. आठ ओळी उरल्या. त्यात फक्त शाडूने पांढरी झालेली बोटं आहेत आणि ती पुसायला पदर आहे. कविता म्हणून ती बेताचीच आहे, पण ती माझीच आई आहे.

यादीत माझ्या बाकावरची मैत्रीणही आहे. मागच्या मेळाव्याला ती याच सभागृहात, खिडकीशी बसली होती. तिच्याबद्दल ‘मनमिळाऊ’ असं छापू नका, अशी स्मरणिकेच्या मंडळींना विनंती केली आहे. मनमिळाऊ नव्हतीच ती, भांडकुदळ होती. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातली सोड्याची खिचडी उघडली की तीन बाकांपर्यंत वास जायचा आणि ती झाकणाने हात मारून आम्हांला हाकलायची, मग निम्मी आम्हांलाच द्यायची.

जेवणाच्या टेबलाजवळ दोनशे पानी वही ठेवली आहे. यादीतल्या प्रत्येक नावाला एक पान. वास, आवाज, चव, शिवी, जे आठवेल ते लिहा. दोन ओळी पुरेत. आमच्या सरांच्या पानावर टिचकी मी लिहिली आहे, ती सोडून दुसरं काही लिहा. पेन दोऱ्याने बांधलं आहे, कारण मी तुम्हांला ओळखते.