मोतीबिंदू काढल्यावर किती दिसते?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा रोजच्या उपयोगाचा एखादा विषय घ्यावा असे ठरले आणि मोतीबिंदू माझ्या वाट्याला आला. आमच्या घरात दोघींची शस्त्रक्रिया झाली, म्हणून असेल. मी काही डॉक्टर नव्हे. जे पाहिले आणि डॉक्टरांना विचारून घेतले, तेवढेच सांगते.

डोळ्यातल्या बाहुलीमागे एक भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसे. पण ही काच पुसून भागत नाही. थेंब घालूनही ती साफ होत नाही, बदलावीच लागते.

पूर्वी भिंग काढीत, पण त्या जागी दुसरे बसवीत नसत. म्हणून जुन्या माणसांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा असे. वस्तू मोठी दिसे नि पायरीचा अंदाज चुके. १९४९ साली लंडनला हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी प्रथम डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लॅस्टिकचे कण शिरले होते, ते डोळ्याला बाधले नाहीत हे त्यांनी हेरले होते. आज सर्रास असे भिंग बसवितात.

माझ्या सासूबाईंची पट्टी सुटली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, भिंत पांढरी आहे होय? मी पिवळीच समजत होते!" मोतीबिंदूने रंग पिवळट दिसतात, विशेषतः निळा फिका पडतो, तो परत मिळतो. त्यांना दूरचे लख्ख दिसू लागले. पण पोथी वाचायला नि सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच, कारण साध्या भिंगाला लांबचे आणि जवळचे दोन्ही जमत नाही. दोन्ही जमणारी महाग भिंगे मिळतात, पण त्यांनी काहींना रात्री दिव्याभोवती वलये दिसतात. म्हणून आपले काम शिवणाचे की बाहेर फिरण्याचे, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

आमच्या चुलत सासूबाईंचे तसे झाले नाही. त्यांना जुना मधुमेह. शस्त्रक्रिया नीट झाली, तरी अक्षर लागेना. शेजारीपाजारी म्हणू लागले, "फसले ऑपरेशन." पण दोष मागच्या पडद्याचा होता. काच लख्ख केली, पण वातच खराब, तर उजेड कमीच पडणार! त्यांचा मोतीबिंदू इतका दाट झाला होता की तो पडदा आधी नीट तपासताच आला नव्हता. काचबिंदूने गेलेली दृष्टीही अशीच परत येत नाही. तरी आता त्या रात्री एकट्या मोरीपर्यंत जातात, नातवंडांचे चेहरे ओळखतात. त्यांना तेवढ्याचेही मोल आहे.

काहींना महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर दिसते. तेव्हा मोतीबिंदू परत आलेला नसतो; भिंगामागचा पापुद्रा गढुळतो. लेझरने काही मिनिटांत तो मोकळा करतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल झाला, ठणकला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उद्यावर टाकू नये.

आणि 'मोतीबिंदू पिकू द्या' हे आता विसरा. फार पिकला तर काढणे अवघड होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. कामात अडू लागले की काढावा.

मैत्रिणींनो, पुरुषाला दिसेनासे झाले की त्याचे बाहेरचे काम अडते, ते साऱ्यांना कळते. बाईचे हात मात्र सवयीने मिठाचा डबा शोधतात, चाचपून भाकरी थापतात. तिचे दिसणे गेले हे घराला कळत नाही. तीही 'लेकीचे लग्न होऊ दे, दिवाळी जाऊ दे' म्हणते. मग एक दिवस उंबऱ्याला अडखळून मांडीचे हाड मोडते.

सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या सासूला, आईला, शेजारच्या आजींना एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगा. अडखळल्या, तर ह्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या.