दुःखाचा अर्थ कोणी सांगायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी बीड जिल्ह्यातल्या तेलगावचा. धारूर तालुक्यातलं हे फाट्यावरचं गाव. इथं साखर कारखाना आहे, आणि तरीही दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसं कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातात. 'दुःख आणि श्रद्धा' या विषयावर बोला असं मला सांगण्यात आलं, तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल, हा करबलावर बोलेल, नाहीतर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर. त्या दोन्ही गोष्टी माझ्या घरच्याच. पण मी बोलणार आहे पंडिता रमाबाईंवर. जन्मानं ब्राह्मण, श्रद्धेनं ख्रिस्ती अशा बाईवर मराठीत कविता करणाऱ्या एका मुसलमानानं बोलावं, यात काहींना गंमत वाटेल. मला वाटत नाही. भूक ज्यानं पाहिली, तो रमाबाईंच्या गोतातलाच.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे सारं कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रा करत फिरू लागलं. नदी दिसली की स्नान, देऊळ दिसलं की दान, ब्राह्मण दिसला की दक्षिणा. होतं ते सगळं देवाधर्मात गेलं. आणि मग १८७० नंतरच्या त्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराणिकाला कोण विचारतो? भांडी गेली, दागिने गेले. झाडाचा पाला खायची वेळ आली. म्हाताऱ्या, अंध होत चाललेल्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा मुलगा म्हणाला, मी हमाली करीन, पण हे नको. पण तोवर फार उशीर झाला होता. वडील गेले. थोड्याच दिवसांत आई अंथरुणाला खिळली.

इथं मला थोडं थांबायचंय. आईला बाजरीची भाकरी हवी होती. भागवताचे हजारो श्लोक पाठ असलेली सोळा वर्षांची मुलगी शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. तोंडातून शब्द फुटेना, डोळे नुसते वाहू लागले. त्या घरच्या बाईंनी ओळखलं आणि भाकरी दिली. ती घेऊन मुलगी धावत आली, पण आईच्या घशाखाली घास उतरला नाही. आई गेली. तिरडीला माणसं मिळेनात. कसेबसे दोघे आले, तिसरा भाऊ, आणि चौथी ही. उंची कमी, म्हणून खांद्यावर घेता येईना, तेव्हा तिनं ती बाजू डोक्यावर घेतली. त्याच काळात मोठी बहीणही गेली.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी तेव्हा तिच्या पोटात होतो. सुकडी मिळायची, पण रांगेत उभं राहताना ती पदर तोंडावर ओढून घ्यायची, असं सांगायची. खडीपेक्षा तिला ती रांग जड वाटायची. रमाबाईंच्या तोंडून दारात शब्द का फुटला नाही, हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही.

पुढची वर्षं भराभर सांगतो. भाऊ-बहीण पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथं विद्वानांनी या तरुण मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, दुसऱ्या जातीच्या माणसाशी, तिनं लग्न केलं. १८८२ साली पटकीनं तोही गेला. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. वय अवघं तेवीस!

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथं त्यांच्यासोबत गेलेल्या मैत्रिणीनं आत्महत्या केली. तोही घाव होताच. याच काळात कधीतरी त्यांनी लंडनमधल्या फुलहॅमला एक काम पाहिलं. समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांची तिथं सेवा चाले. रमाबाईंनी विचारलं, यांच्यासाठी तुम्ही हे का करता? तेव्हा एका जोगिणीनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट माझ्या मुलखातल्या माणसाला पटकन कळते. भर दुपार. एक बाई एकटीच पाण्याला आलेली. लोक तिच्याबद्दल काय बोलतात ते तिला ठाऊक. काठावर एक परका थकून बसलाय, वरच्या समजल्या जाणाऱ्या जमातीचा, आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. तू आमच्या हातचं पाणी पिणार? आमच्याकडे कुणी कुठल्या आडावर पाणी भरायचं यावरून काय काय घडलं, ते सांगायला नको. घरोघर हिंडून देव शोधलेल्या रमाबाईंना असा देव नवा होता, जो स्वतःच तहानेला आहे आणि हिणवलेल्या बाईपुढे ओंजळ धरतो. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मी ख्रिस्ती नाही. ईसा अलैहिस्सलाम आम्हांला पैगंबर म्हणून आदरणीय आहेत, पण ते क्रुसावर मेले असं आम्ही मानत नाही. तेव्हा रमाबाईंना ज्या ठिकाणी अर्थ सापडला, नेमकं तेच ठिकाण माझ्या श्रद्धेत नाही. हा फरक मी लपवत नाही. पण तहानेलेला, निरपराध आणि ताठ मानेचा माणूस मला करबलात भेटतो, आणि मोहरमच्या सवारीपुढे आमच्या गावोगावच्या हिंदू मायबहिणीही पाण्याच्या घागरी ओततात. म्हणून मला ही बाई परकी वाटत नाही.

दोन्ही धर्मांत एक माणूस मात्र सारखाच आहे. ते म्हणतात ईयोब, आम्ही म्हणतो अय्यूब. लेकरं गेली, गुरं गेली, अंगाला फोड आले. बायबलात त्याचे मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री गप्प त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. तोवर ते चांगले मित्र असतात. मग बोलायला लागतात, त्याच्या दुःखाचं कारण त्यालाच समजावू लागतात आणि शेवटी देवाचा राग त्या समजावणाऱ्यांवर होतो. आमच्या अय्यूबला तर हुकूम झाला, पाय जमिनीवर आपट. त्यानं आपटला आणि थंड पाण्याचा झरा लागला. तिथंही खुलासा मिळाला नाही, पाणी मिळालं.

आता घरचं सांगतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तिचा मुलगा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीखाली सापडून गेला. माती झाली आणि ओट्यावर माणसं जमली. कुणी म्हणालं, अल्लाहची मर्जी. कुणी म्हणालं, प्रारब्ध. कुणी म्हणालं, अल्लाह ज्याला आवडतो त्याला लवकर नेतो. आपा बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "मर्जी किसकी वो मत बताओ. बैलां कू पानी कौन पिलाता, वो बताओ." सगळे गप्प. शेजारचे दामूअण्णा तेवढे उठले आणि बैलांकडे गेले. आपा आजही पाच वेळची नमाज पढते. अल्लाहच्या मर्जीवर तिचा माझ्याहून अधिक विश्वास आहे. पण ती तिनं म्हणायची गोष्ट होती, ओट्यावरच्यांनी नव्हे.

रमाबाईंचं मोठेपण मला इथंच दिसतं. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडं गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळं त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर, सोलापूरच्या रेल्वे रस्त्यालगत, घेतलेल्या जमिनीवर नेलं. तेच 'मुक्ती'. १९०० चा दुष्काळ गुजरात-राजपुतान्यात पडला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या. माग, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण असं सगळं उभं राहिलं. आपण भाकरी मागायला गेलो तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता, हे या बाई विसरल्या नव्हत्या. म्हणून मुलींनी मागण्याआधी त्या तिथं पोचल्या. आमच्या ऊसतोड्यांच्या गाड्या आज त्याच दौंडच्या बाजूला फडावर जातात.

त्यांच्यावर टीका झाली. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून पुण्यात गदारोळ उठला, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावातही पुष्कळ जणींनी बाप्तिस्मा घेतला. उपाशी माणसाला भाकरीबरोबर धर्म द्यावा का, हा प्रश्न रास्त आहे, आणि माझं उत्तर 'नाही' असंच आहे. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जण त्या वर्षी मध्य प्रांतात गेले होते, हेही विचारायला हवं.

आणि ही बाई ख्रिस्ती झाली म्हणून कुणाच्या ओंजळीनं पाणी प्यायली नाही. शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, म्हणून तिनं वाँटेजच्या जोगिणींशी वाद घातला. मला आजही कुणी विचारतं, तुम्ही उर्दूत का लिहीत नाही? तेव्हा मला हा वाद आठवतो.

पुढे कान जवळजवळ गेले. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी केलं, पंडितांचं नव्हे, खेड्यातल्या बायकांना समजेल असं. १९२१ साली मनोरमा गेली. जवळचं शेवटचं माणूसही गेलं. रमाबाई काम करत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. ते बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून आल्या, तेव्हा त्यांना अक्षराची ओळख नव्हती.