वाईट बातमी वर पोहोचली पाहिजे
(अभियंत्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. काँक्रीट कसे कालवावे हे मी आपणांस सांगणे हास्यास्पद ठरेल. परंतु माहितीची देवाणघेवाण हा माझा व्यवसाय आहे. कामे केवळ सिमेंटच्या उणिवेने बिघडत नाहीत, माहिती वाटेत अडल्यानेही बिघडतात, एवढे मी अवश्य सांगू शकतो.

अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत एक शिक्षिकाही होत्या. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी थंडीने ताठरली आणि तेथून तप्त वायू निसटला. हा धोका अज्ञात होता काय? मुळीच नाही. अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील अभियंते रॉजर बोजोले यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत अभियंत्यांनी सुमारे १२ अंश सेल्सिअसहून कमी तापमानात उड्डाण नको, असे बजावले. त्यानंतर कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसांत विचारविनिमय करून ती शिफारस फिरविली. उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हाती होता, त्यांच्या कानी हा विरोध गेलाच नाही! चौकशी आयोगाने निर्णयाच्या या सदोष पद्धतीवर नेमके बोट ठेवले.

आपली कामे त्या मानाने साधी असतील. पण माणसाचा स्वभाव तोच आहे. बंधाऱ्यातून पाझरणारे पाणी कार्यकारी अभियंत्यास प्रथम दिसत नाही, चौकीदारास दिसते. रस्ता खचू लागल्याचे मैलकुलीस आधी कळते. तो बोलेल की गप्प राहील, हे मागच्या खेपेस साहेबांनी त्याचे कसे ऐकले यावर अवलंबून असते.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. वाईट बातमी आणणाऱ्यास दोष देण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. मोजमाप पुस्तकात मापे जशी जागेवरच तारखेनिशी नोंदतात, तशीच शंकाही नोंदवावी आणि तो कागद मूळ शब्दांनिशी निर्णय घेणाऱ्यापर्यंत जावा. तिसरे म्हणजे, त्या शंकेचे काय झाले, हे ज्याने ती काढली त्यास कळवावे. उत्तरच न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा सांगावयास येत नाही.

ग्रामपंचायतीच्या नळयोजनेसही हेच लागू आहे.