शेरा लिहिण्यापूर्वी



यशवंतपूरच्या फलाटावर उतरलेल्या मराठी माणसास आपले मंडळ आपलेपण देते. परंतु कचेरीत खचलेल्या मनाने आसरा कोठे शोधावा? एका अबोल सहकाऱ्याच्या गोपनीय अहवालात मी एकदा ‘कामचुकार’ असा शेरा लिहिला. तो निम्हान्समध्ये उपचार घेत होता, हे मागाहून कळले. तो शेरा मला आजही बोचतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्यास काढता वा पदावनत करता येत नाही. गंभीर मानसिक आजारही त्यात मोडतो. कायदा नोकरी राखील; मन राखणे मात्र आपल्याच हाती आहे. शेरा लिहिण्यापूर्वी शेजारी बसून एवढेच विचारावे, ‘बरे आहे ना?’ १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतही मन मोकळे करता येते, हेही त्यास सांगावे.