ओझोनचा करार आणि एका देशाचा नकार



जगाच्या हवापाण्याचा कारभार कोणी व कसा पाहावा, हा आजचा विषय. नाव मोठे आहे. पण प्रश्न आपल्या नगरपालिकेत पडतो तोच आहे. ठराव बहुमताने करावयाचा, की एकाने नाही म्हटले म्हणजे सर्वांनी थांबावयाचे?

आपल्या शीतकपाटांत पूर्वी क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातला वायू भरलेला असे. तो पेट घेत नाही, विषारी नाही. म्हणूनच कारखानदारांचा लाडका. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले की, हाच गरीब वायू उंच आकाशात सूर्यकिरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरिन ओझोनचे आवरण खातो. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांना अंटार्क्टिकावर ते आवरण वसंत ऋतूत कमालीचे विरळ होत असल्याचे आढळले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअलचा करार झाला.

या यशाचे श्रेय शास्त्रज्ञांना देण्याची रीत आहे. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. भारत आणि चीन आरंभी या करारात नव्हतेच. वायू वर्षानुवर्षे उडविला श्रीमंतांनी. मग नवे, महागडे तंत्र गरिबांनी कोणाच्या पैशाने आणावयाचे, हा भारताचा रोकडा सवाल होता. १९९० साली लंडनच्या बैठकीत पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी तो मांडला. तेथे निधी उभा राहिला: पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन आल्यास २४ कोटी. चीन १९९१ मध्ये आला, भारत १९९२ मध्ये. याला कोणी सौदा म्हणतील, म्हणोत बापडे.

खरी मौज पुढेच आहे. या निधीच्या कार्यकारिणीत १४ सभासद. ७ विकसित देशांचे, ७ विकसनशील देशांचे. पैसे देणाऱ्याचे मत अधिक जड नाही. कपातीचे वेळापत्रक कडक करावयाचे झाल्यास आधी एकमताचा प्रयत्न. तो फसला तर दोन-तृतीयांश मते, आणि त्यांत दोन्ही गटांचे निरनिराळे बहुमत. असा ठराव विरोधात बसलेल्यांनाही बांधतो. शिवाय कराराबाहेर राहणाऱ्या देशाशी या वायूंचा व्यापार बंद. आज १९८ पक्ष या करारात आहेत. २०२२ च्या शास्त्रीय अहवालानुसार, हेच धोरण टिकल्यास जगाच्या बहुतेक भागांत ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल; अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास.

आता हवामानाचा करार पाहा. त्यावर १९९२ साली रिओ येथे सह्या झाल्या. १९९५ साली बर्लिनला पहिली परिषद भरली, तेव्हा मतदानाच्या नियमावरच एकमत होईना. तो एक नियम बाजूला ठेवून बाकीचे वापरावयाचे, असा रिवाज पडला आणि अजूनही तोच चालू आहे! परिणामी २००९ साली कोपनहेगनला मूठभर देशांच्या विरोधामुळे समझोत्याची नुसती ‘नोंद’ घेण्यात आली. उलट, २०२४ साली बाकू येथे वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा ठराव अध्यक्षांनी हातोडा आपटून संमत केला, आणि भारताच्या प्रतिनिधीस मागाहून निषेध नोंदवावा लागला. म्हणजे एकमताची व्याख्या हातोडा ज्याच्या हाती तो करणार! दुबळ्यांचे यात रक्षण होते, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

ओझोनची गोष्ट सोपी होती, हा आक्षेप खरा आहे. ते वायू करणारे कारखाने मोजके होते. कोळसा आणि तेल तर चुलीपासून आगगाडीपर्यंत सर्वत्र शिरलेले. बहुमताच्या जोरावर बडी राष्ट्रे आपल्या विजेवर निर्बंध घालतील, ही धास्तीही पोकळ नव्हे. परंतु तिला उत्तर जागतिक सरकार नव्हे आणि नकाराधिकारही नव्हे. दोन्ही गटांचे स्वतंत्र बहुमत हेच आहे. विकसनशील देशांचा बहुसंख्य गट राजी नसेल तर ठराव पडेल. एकटे एखादे तेलसंपन्न राष्ट्र मात्र तो पाडू शकणार नाही.

पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिको यांनी २०११ साली शेवटचा उपाय म्हणून मतदानाची तरतूद सुचविली. मूळ करारात दुरुस्ती तीन-चतुर्थांश मतांनी करता येते, पण ती मान्य करणाऱ्यांनाच लागू होते. तो प्रस्ताव परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला. कारण त्यावर एकमत होत नव्हते.