काचपेटीतील माशांना दिवा कोणता?



हौसेने घरी माशांची काचपेटी आणणाऱ्या गृहस्थाचा अनुभव बहुधा एकसारखाच असतो. पेटीत वाळू पसरली जाते, चार पाणवनस्पती लावल्या जातात, रंगीत मासे सोडले जातात. आणि पाहुण्यांना सारे लखलखीत दिसावे म्हणून दुकानातला सर्वांत प्रखर दिवा वर बसविला जातो. तो पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जळतो. थोड्याच आठवड्यांत काचेवर हिरवा थर चढतो, पाणी हिरवट होते आणि मासे दगडाआड दडून बसतात. दोष मग पाण्याला किंवा मासे विकणाऱ्याला दिला जातो. खरा अपराधी पुष्कळदा डोक्यावरचा दिवाच असतो.

म्हणून दिवा घेण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : हा उजेड कोणासाठी? लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनी १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ह्यांचा संसार एकाच भांड्यात चालू शकतो, हे त्यांनी दाखविले. ह्या संसारात उजेडाची खरी गरज असते वनस्पतींना. उजेडात त्या कर्बवायू घेतात व प्राणवायू सोडतात. परंतु उजेड त्यांच्या गरजेहून अधिक झाला, की त्यावर शेवाळ पोसते.

माशांना दिवस आणि रात्र ह्यांचा नियमित क्रम पुरतो. बहुतेक माशांना पापण्या नसतात. डोळे मिटून उजेड चुकविण्याची सोय त्यांना नाही. रात्रीचा अंधार त्यांना मिळालाच पाहिजे. काळोखात एकदम पेटीचा दिवा लावल्यास मासे बिचकतात. म्हणून आधी खोलीतला दिवा लावावा व काही वेळाने पेटीवरचा.

आता निवडीचा हिशेब. पूर्वी गॅलनमागे अमुक वॅट असे मोजीत. तो हिशेब नळीच्या दिव्यांचा होता. आजचा एलईडी दिवा थोड्या वॅटांत पुष्कळ उजेड देतो, म्हणून वेष्टनावरचा लुमेनचा आकडा पाहावा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. जावा फर्न, अनुबियास अशा सावकाश वाढणाऱ्या वनस्पतींसाठी लिटरमागे १० ते २० लुमेन, म्हणजे सुमारे ५०० ते १,००० लुमेन, हा स्थूल अंदाज धरावा. केवळ मासेच असतील तर ह्याहून मंद दिवाही चालतो. लाल पानांच्या वनस्पतींना अधिक उजेड लागतो; मात्र त्याबरोबर खत आणि कर्बवायूही पुरवावा लागतो. सुमारे ६,५०० केल्विनचा दिवा दिवसाच्या उजेडासारखा वाटतो व माशांचे रंग खुलून दिसतात.

नव्या पेटीवर दिवा रोज सहा तास ठेवावा. वनस्पती रुजल्यावर आठ तास. शेवाळ वाढू लागल्यास वेळ कमी करावी. थेट ऊन येणाऱ्या खिडकीपाशी पेटी ठेवू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी, हे तर कधीच विसरू नये.

दिव्याची पसंती आपल्या डोळ्यांची असते. पण त्याखाली आयुष्य काढावयाचे असते मुक्या माशांना. ते आपण होऊन दगडाआडून बाहेर येऊन निवांत पोहू लागले, म्हणजे दिवा योग्य निवडला असे खुशाल समजावे.